नीटसाठी गॅप घेताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यातून दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात. ते इथं एकत्र लावले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढं गुंत्याचे. प्रवेशाचे नियम दरवर्षी नव्यानं छापले जातात, तेव्हा शेवटी त्या वर्षीची माहितीपुस्तिका सांगेल तेच खरं.

प्र. १. गॅप घेतला तर एमबीबीएसच्या प्रवेशात कमीपणा येतो का?

नाही. जागा रँकवर मिळते. तुम्ही बारावी यंदा झालात की तीन वर्षांपूर्वी, हे तिथं कुणी बघत नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा आता नाही, आणि नीट कितीदा द्यावी यालाही मर्यादा नाही. कॉलेजनं मागितलं तर मधल्या काळात दुसरीकडे कुठं प्रवेश घेतला नव्हता असं स्टँप पेपरवरचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट नोटरी करून द्यावं लागतं. ते एका सकाळचं काम आहे, त्याची धास्ती नको.

प्र. २. हॉस्पिटलमध्ये सेवा केली, प्रथमोपचाराचा कोर्स केला, तर अर्जाला वजन येतं का?

आपल्याकडच्या प्रवेशात येत नाही. अमेरिकेत आधी पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, आणि त्यासोबत सेवाकार्य, डॉक्टरांच्या मागं फिरून घेतलेला अनुभव, शिफारसपत्रं, मुलाखत असं सगळं बघतात. गॅपमध्ये ‘प्रोफाइल’ बनवण्याचे जे व्हिडिओ मुलं पाहतात ते बहुतेक तिकडचे असतात. इथं मुलाखत नाही, निबंध नाही.

तरी गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठ-दहा दिवस बसून बघा असं मी सांगतो. गुणांसाठी नव्हे. ड्रेसिंग, उलट्या, रडणारी पोरं, रांगेत उभं राहून वैतागलेली माणसं हे रोज झेपणार आहे का, ते एकदा कळू दे. ते पाहून दोन-चार जण वेगळ्या वाटेला लागतात, आणि त्यांचं वर्ष वाचतं.

आपल्याकडं गॅपमध्ये मजबूत करायच्या गोष्टी तीनच: रँक, कागद आणि पसंतीक्रमाची यादी. पहिलीवर सगळे बोलतात. सीमाभागातली पोरं जागा गमावतात ती बऱ्याचदा दुसरीवर, म्हणून खाली तिला जास्त जागा दिली आहे.

प्र. ३. मला अमुक गुण पडले. पुढच्या वर्षी किती लागतील?

गुण विचारू नका, रँक विचारा. २०२४ मध्ये शेवटच्या यादीत १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण खाली येतात, त्यामुळं ‘गेल्या वर्षी ५८० ला लागलं होतं’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

करायचं असं: केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, इथले प्रवेश तेच करतं) संकेतस्थळावर मागच्या दोन-तीन वर्षांचे कटऑफ असतात. तुमच्या प्रवर्गात सरकारी जागा शेवटच्या फेरीत कुठल्या रँकपर्यंत गेली ते लिहून काढा आणि तुमची रँक त्याच्या शेजारी लिहा. मधलं अंतर दिसलं की पुढचा प्रश्न सोडवणं सोपं जातं.

प्र. ४. ड्रॉप (म्हणजे गॅपचं वर्ष) घ्यावा की मिळतंय ते बीएएमएस, बीडीएस घ्यावं?

पहिल्या प्रयत्नात दहावीपासूनचा सगळा पाया कच्चा होता, पीयूच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) दोन वर्षांत नीटचा अभ्यास खरं तर झालाच नाही, आणि तरीही पात्रतेच्या बऱ्यापैकी वर गुण आले, तर एक वर्ष घेण्यात हशील आहे. उलट दोन वर्षं चांगल्या क्लासला होतात, सगळ्या टेस्ट दिल्या, आणि मुख्य परीक्षेतले गुण टेस्टच्या सरासरीइतकेच पडले, तर तेच पुन्हा केल्यानं फार काही हलणार नाही. त्या वेळी अभ्यासाची रीत बदलायची तयारी आहे का, ते आधी ठरवा.

बीएएमएस ही हरल्याची खूण समजू नका. आयुर्वेद मनापासून करायचा असेल तरच घ्या मात्र. ‘तोवर बीएएमएसला नाव घालून ठेवू’ म्हणून सरकारी जागा अडवली आणि ठरलेल्या तारखेनंतर सोडली तर दंड भरावा लागतो, मूळ कागद कॉलेजकडं अडकतात, आणि गावातल्या दुसऱ्या कुणाची तरी जागा वाया जाते. साधी बीएस्सी करत तयारी करायची असेल तर प्र. ९ पाहा.

प्र. ५. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयू सायन्स इंग्रजीत. वर्षभर गॅपमध्ये सुरुवात कुठून करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी हिशेब बघा. पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा, तीन तासांचा. बायॉलॉजी ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्री ४५-४५. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्नांची सवलत गेली, आणि आधी मिळणारी वीस मिनिटंही गेली. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला बायॉलॉजीत संकल्पना अडत नाही, वाचनाचा वेग अडतो. ‘खालीलपैकी चुकीचं विधान ओळखा’ असा प्रश्न इंग्रजीत घाईनं वाचला की ‘बरोबर’ विधानावर गोल भरून मोकळा होतो. येत असलेल्या प्रश्नाचे ४ जातात, वर १ कापला जातो, म्हणजे पाच गुणांचा फटका. त्यावर उपाय एकच: एनसीईआरटीचं बायॉलॉजीचं पुस्तक ओळ न ओळ, मोठ्यानं, रोज ठरावीक पानं. आकृतीखालची ओळ, तक्ता, धड्याच्या शेवटचा सारांश, काही सोडायचं नाही. कर्नाटकच्या पीयू सायन्सला एनसीईआरटीचाच अभ्यासक्रम आहे, त्यामुळं पुस्तक नवं नाही. फक्त गाइड वाचून पीयू काढलेल्यांना ते नवं वाटतं. आणि पेपरात ‘नाही’, ‘चूक’, ‘वगळता’ या अर्थाच्या शब्दाखाली पेन्सिलीनं नव्हे, पेनानंच रेघ मारायची सवय लावा. केंद्रावर पेनच देतात.

फिजिक्सला दुसराच रोग असतो. सूत्रं पाठ, गणित येत नाही. त्यासाठी आधी आठवी ते दहावीचं गणित पक्कं हवं: घातांक, लॉग, त्रिकोणमिती, आलेखाचा उतार. जुलैचे पहिले तीन-चार आठवडे फक्त यावर घातले तरी चालतील. क्लासवाले इतकं मागं जात नाहीत, त्यांना सिलॅबस पळवायचा असतो.

केमिस्ट्रीत इनऑरगॅनिक पुन्हा एनसीईआरटी, फिजिकल म्हणजे गणितं, ऑरगॅनिकला रोज थोडं लिहून काढणं.

चुकांची वही हवीच. त्यात प्रश्न उतरवत बसू नका. एका ओळीत कारण लिहा: वाचायला चुकलो, आकडेमोड चुकली, मुळात माहीतच नव्हतं, माहीत होतं पण दोन पर्यायांत गोंधळलो. महिनाभरानं मोजलं की कुठल्या खान्यात गळती आहे ते दिसतं. ‘माहीत नव्हतं’ हा खाना बहुतेकांना वाटतो त्याहून लहान निघतो.

टेस्ट दुपारी दोन ते पाच या वेळेतच द्या, कारण परीक्षा त्या वेळेत असते, मे महिन्यात, जेवणानंतरच्या गुंगीत. पहाटेच्या टवटवीत डोक्यानं दिलेल्या टेस्टचे गुण फसवे असतात. उत्तरं ओएमआरवर भरूनच सराव करा. गोल भरायला लागणारा वेळ वेगळा धरावा लागतो.

जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी एक बघावं: २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम छाटला गेला आहे. मोठ्या भावाच्या वहीतले काही धडे आता नाहीतच.

प्र. ६. पेपर मराठीतून देता येईल का?

येईल, पण मराठीची प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातल्या केंद्रांवर प्रादेशिक भाषा म्हणून कन्नड आहे. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू सगळीकडे. म्हणजे बेळगाव केंद्र घेतलं तर मराठी पेपर नाही. मराठीच हवा तर फॉर्म भरताना कोल्हापूर, सांगलीसारखं शहर निवडावं लागेल. प्रादेशिक पेपरात इंग्रजी मजकूरही सोबत असतो, आणि दोन्हींत फरक पडला तर इंग्रजी ग्राह्य धरतात.

माझं मत: पीयूची दोन वर्षं इंग्रजीत काढली असतील तर इंग्रजीच घ्या. बारावी महाराष्ट्रात मराठीतून केली असेल तर गोष्ट निराळी.

प्र. ७. लातूर, कोटा की बेळगावातच राहू?

घरी अभ्यासाला खोली नाही, शेतीचं किंवा दुकानाचं काम चुकत नाही, पाहुण्यांची वर्दळ आहे, अशा घरातल्या मुलानं बाहेर जाण्यात शहाणपण आहे. बाकीच्यांनी फी भरण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: रिपीटरची, म्हणजे लाँग टर्मची, बॅच वेगळी आहे का, आणि टेस्टनंतर चुका बसून समजावणारं माणूस कोण. जाहिरातीच्या फ्लेक्सवरचे फोटो बघून ठरवू नका. एकाच मुलाचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर मी पाहिला आहे.

पैशाची अडचण असेल तर केंद्र सरकारचं ‘साथी’ हे मोफत संकेतस्थळ आहे, आयआयटी कानपूरच्या मदतीनं चालवलेलं. त्यावर व्याख्यानं आणि टेस्ट दोन्ही आहेत.

प्र. ८. पीयूचे गुण कमी आहेत. ते गॅपमध्ये वाढवू का?

फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना ४० टक्के हवेत, आणि इंग्रजी पास. त्याच्या वर असाल तर पीयूचे गुण वाढवून एमबीबीएसच्या रँकवर काडीचा फरक पडत नाही. खाली असाल तर मात्र आधी हेच काम. कर्नाटकात २०२४ पासून पीयूची परीक्षा वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि पास झालेल्यालाही गुणवाढीसाठी पुढच्या परीक्षेला बसता येतं.

प्र. ९. घरात नुसतं बसण्यापेक्षा बेळगावातल्या जीएसएस किंवा आरएलएस कॉलेजात बीएस्सीला नाव घालू का?

हजेरी, इंटर्नल आणि सेमिस्टर परीक्षा यांत आठवड्यातले चार दिवस जातात. ‘दोन्ही करतो’ म्हणणाऱ्यांचं बहुधा दोन्ही अर्धवट राहतं. पहिल्या ड्रॉपला मी नको म्हणतो. दुसऱ्या ड्रॉपला उलट: तेव्हा बीएस्सी, बी.फार्म असं काहीतरी हातात ठेवूनच नीट द्या. आणि तिसऱ्यांदा पूर्ण वर्ष रिकामं ठेवू नये हे माझं ठाम मत आहे, कितीही हुशार असलात तरी.

प्र. १०. कर्नाटक कोट्यासाठी सात वर्षांची अट आहे. गॅपचं वर्ष त्यात धरतात का?

नाही. केईएच्या ‘क्लॉज ए’ प्रमाणं पहिली ते बारावी यांदरम्यान किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास हवी. मोजतात ती शिकलेली वर्षं. एकाच वर्गात दोन वर्षं काढली तरी ते एकच धरतात. त्यामुळं गॅपनं ना भर पडते, ना काही कमी होतं.

प्र. ११. मी निपाणीची. दहावीपर्यंत निपाणीत, अकरावी-बारावी कोल्हापुरात. सगळे म्हणतात आता ना कर्नाटक ना महाराष्ट्र. खरं का?

अर्धंच खरं. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, म्हणून तिकडचं दार सर्वसाधारणपणे बंद (सवलत प्र. १३ मध्ये). पण कर्नाटकात तुमची दहा वर्षं झाली आहेत आणि दहावीही इथलीच, म्हणजे प्र. १० मधल्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. केईएकडं नोंदणी करा. या गैरसमजापायी नोंदणीच न केलेली मुलं दरवर्षी भेटतात.

प्र. १२. आणि उलटं? आम्ही चंदगडचे. दहावी महाराष्ट्र बोर्ड, पीयू बेळगावात.

सीमाभागातली खरी कोंडी ही आहे. शिनोळी-तुडयेकडच्या पोराला बेळगाव जवळ पडतं म्हणून तो सहज पीयूला इथं येतो, आणि दोन वर्षांनी कळतं की बारावी महाराष्ट्रातली नाही म्हणून तो कोटा गेला, आणि कर्नाटकात सात वर्षं नाहीत म्हणून हाही गेला. उरतो मुख्यतः १५ टक्के ऑल इंडिया कोटा आणि डीम्ड (अभिमत) विद्यापीठं. तिथं राज्याची अट नसते.

एक वाट मात्र बघून ठेवा. केईएचं आणखी एक कलम आहे: मुलानं अकरावी-बारावी कर्नाटकात केली असेल आणि आई किंवा वडील यांपैकी एकानं कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण घेतलं असेल, तर तो पात्र ठरू शकतो. चंदगड आणि बेळगाव तालुक्यात रोटी-बेटीचे व्यवहार पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. आईचं माहेर उचगाव, तुरमुरी, कुद्रेमानीकडचं असेल आणि ती तिथल्या शाळेत सातवीपर्यंत शिकली असेल, तर तिच्या शाळेचा दाखला हा तुमच्या फाईलमधला सगळ्यात मोलाचा कागद. तीस वर्षांपूर्वीचं जनरल रजिस्टर शोधायला मुख्याध्यापकांना वेळ लागतो. जून-जुलैतच अर्ज द्या, काउन्सेलिंगच्या आठवड्यात धावू नका.

अजून दहावीत असलेल्या धाकट्या भावंडांच्या बाबतीत हे आधीच डोक्यात ठेवा.

प्र. १३. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रात जागा असतात असं ऐकलं. गॅप घेतलेल्याला मिळतात का?

महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर दावा सांगतं, तिथल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळ्या, पण मोजक्या जागा असतात. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. नमुना त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या (महाराष्ट्राची प्रवेशयंत्रणा) पुस्तिकेत असतो. अर्ज महाराष्ट्राच्या सीईटी सेलकडं वेगळा, तारखा वेगळ्या. गॅपची आडकाठी नाही. स्पर्धा मात्र कडक, त्यामुळं यावर भिस्त ठेवून कर्नाटकची नोंदणी सोडू नका.

प्र. १४. कुठले कागद गॅपमध्येच करून ठेवावेत?

सगळ्यात आधी नाव. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, नाडकचेरीच्या (महसूल खात्याची स्थानिक कचेरी) दाखल्यावर कन्नडमधून उलटं फिरून आलेलं तिसरं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव मध्ये की गायब, हे घोळ मराठी घरांत हमखास असतात, कारण शाळेत ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ अशी नोंद आणि इथल्या कचेरीत इनिशियलची रीत. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्या. आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

मग जात आणि उत्पन्न. नाडकचेरीतून मिळणाऱ्या दाखल्यावर ‘आरडी’नं सुरू होणारा क्रमांक असतो, केईए तोच तपासते. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो; काउन्सेलिंगच्या दिवशी तो संपलेला नसावा. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो. कोल्हापूरच्या काकांकडं महाराष्ट्राचा जातीचा दाखला आहे, तो इथं चालत नाही.

ऑल इंडिया कोट्यासाठी राज्याचा ३बी वगैरे प्रवर्ग चालत नाही. तिथं केंद्राची ओबीसी यादी. आपली जात केंद्राच्या कर्नाटक यादीत आहे का ते बघा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला त्या आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा घ्या. नसेल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसच्या अटी वाचा. पाच एकर किंवा जास्त शेती असली तर तो मिळत नाही.

शेवटी अभ्यासाचे दाखले. शाळेचा सॅट्स क्रमांक (कर्नाटकातल्या विद्यार्थ्याचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक) जपून ठेवा. मधे शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचा वेगळा दाखला, बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीसह. बंद पडलेल्या मराठी शाळांचं रेकॉर्ड बीईओ कचेरीत विचारावं लागतं.

प्र. १५. मराठी माध्यमात शिकल्याचा काही फायदा?

माध्यमाचा नाही. पाच टक्क्यांची माध्यमाची सवलत आहे ती कन्नड माध्यमात पहिली ते दहावी केलेल्यांना. पण ग्रामीण सवलत १५ टक्के आहे, आणि तिला माध्यम लागत नाही. पहिली ते दहावीची पूर्ण दहा वर्षं शहरी नसलेल्या भागातल्या शाळेत झालेली हवीत. नंदगड, जांबोटीची शाळा चालेल. खानापूर शहरात पट्टण पंचायत आहे, त्यामुळं तिथलं एक वर्ष जरी मध्ये आलं तरी अडतं. खुल्या गटातल्यांनी सोबत क्रिमीलेयरमध्ये नसल्याचा दाखलाही जोडावा. ही सवलत ठाऊक नसल्यानं फॉर्ममध्ये ‘नाही’ भरणारी मुलं खानापूर तालुक्यातच जास्त.

प्र. १६. बेळगावात दोन मेडिकल कॉलेजं. दोन्हींना एकच अर्ज चालतो का?

नाही. बिम्स (बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) हे सरकारी. त्याच्या ८५ टक्के जागा केईएकडून, १५ टक्के दिल्लीच्या एमसीसीकडून (मेडिकल काउन्सेलिंग कमिटी). जेएनएमसी (जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज) केएलई संस्थेच्या डीम्ड विद्यापीठाचं आहे आणि डीम्डच्या जागा एमसीसीच्या काउन्सेलिंगमधून भरतात. कॉलेज घरापासून दोन किलोमीटरवर असलं तरी अर्ज एमसीसीकडंच. डीम्डसाठी दोन लाखांचं डिपॉझिट भरावं लागतं. फीचा आकडा घरात सगळ्यांनी आधी बघावा, मग पर्याय टाकावा.

नीट दिली म्हणजे केईएत आपोआप नाव लागतं असंही नाही. केईएची नोंदणी वेगळी आणि बरीच आधी सुरू होते.

प्र. १७. पीयूला पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घेतलं होतं, बायॉलॉजी नाही. आता डॉक्टर व्हायचंय. वाट आहे का?

आहे. नोव्हेंबर २०२३ मधल्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) सूचनेनुसार बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायॉलॉजी जादा विषय म्हणून पास झालं तरी नीट देता येते. गॅपचं वर्ष अशा मुलासाठी बनलेलंच आहे. प्रात्यक्षिकासह परीक्षा आणि गुणपत्रिका वेळेत हाती येईल का, एवढं बोर्डाकडून आधी लेखी विचारून घ्या.

प्र. १८. एजंट म्हणतो, नीटचं टेन्शन नको, परदेशात थेट अ‍ॅडमिशन.

परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्र असणं सक्तीचं आहे. तो निकाल तीन वर्षं चालतो. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत आणखी १२ महिने इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा. हॉटेलातल्या सेमिनारला जाल तेव्हा हे चार मुद्दे कागदावर लिहून न्या आणि एकेकाचं उत्तर लेखी मागा. चहा-बिस्किटं घ्या, टोकन देऊ नका.

प्र. १९. कन्नड येत नाही. गॅपमध्ये शिकू का?

शिका. प्रवेशाला ‘क्लॉज ए’ खाली कन्नडची परीक्षा नाही. पण नाडकचेरीचे दाखले कन्नडमध्ये येतात आणि त्यातली चूक तुम्हालाच वाचता आली पाहिजे. पुढं बिम्सच्या किंवा हुबळीच्या वॉर्डात बैलहोंगल, सौंदत्तीकडची आजी पोटात कुठं दुखतंय ते कन्नडमध्येच सांगणार. राजकारण राजकारणाच्या जागी. पेशंटची भाषा डॉक्टरला यायला हवी. रोज वीस मिनिटं पुरेत.

प्र. २०. मुलगी दिवसभर खोलीत असते, बोलत नाही. आम्ही काय करावं?

दर टेस्टचे गुण विचारणं बंद करा, महिन्यातून एकदा पुरे. लग्नाकार्यात ‘आमची रिपीट करतीय’ अशी ओळख करून देऊ नका. संध्याकाळी तासभर घराबाहेर, मैत्रिणीबरोबर, पुस्तकाशिवाय. झोप उडणं, जेवण तुटणं, ‘माझ्यानं काहीच होणार नाही’ असं वारंवार बोलणं दिसलं तर थांबू नका; १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास. डॉक्टरांकडं नेण्यात कमीपणा नाही.

प्र. २१. यंदा काउन्सेलिंगला बसून बघतो, आवडलं नाही तर जागा सोडून ड्रॉप घेतो. चालेल?

फेरीवर आहे. एमसीसीत पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता सोडली तर काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत सोडली तर डिपॉझिट जातं. तिसऱ्या फेरीत जाऊन रुजू झालात तर पुढं राजीनामा देता येत नाही. आणि स्ट्रे फेरीत, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत, जागा लागली आणि घेतली नाही, तर डिपॉझिट तर जातंच, वर पुढच्या वर्षीच्या नीटला बसायला बंदी येते. म्हणजे ज्या ड्रॉपसाठी जागा सोडली तो ड्रॉपच हातचा गेला.

केईएत जागा लागल्यावर चार पर्याय येतात: घेतली आणि रुजू होतो; घेतली पण वरची मिळाली तर हवी; ही नको, पुढच्या फेरीत बघतो; आणि काउन्सेलिंगमधून बाहेर. दुसरा पर्याय निवडून वरची जागा लागली की खालची आपोआप जाते, मग हळहळून उपयोग नाही. म्हणून यादीत जिथं खरोखर जाणार नाही ते कॉलेज टाकूच नका. ड्रॉप नक्की ठरला असेल तर स्ट्रे फेरीत एकही पर्याय भरू नका, ‘सहज बघू’ म्हणूनसुद्धा नाही.